इंजेक्टर ४ नग, रोख

मे महिन्यातली गोष्ट. जळगावहून अमळनेरला येत होतो. पाळधीजवळ चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. न्यूट्रलला गाडी थरथरायला लागली, आरपीएमचा काटा खाली-वर. मागे आई आणि दोन पोरं, बाहेर भट्टी पेटलेली. हायवेच्या कडेला पहिलं जे गॅरेज दिसलं तिथे वळवली.

पोराने स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली: पी-०१७१. "भाऊ, चारही इंजेक्टर गेले. कोडच आला ना." इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग. मशीनच सांगतंय म्हटल्यावर मी काय बोलणार? तासाभरात १४,५०० रुपये रोख मोजले. दिवा विझला होता. अर्थात, कोड पुसला की दिवा विझतोच, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी अमळनेरातच तो परत लागला.

आमच्या गल्लीत एक जुने मिस्त्री आहेत, आबा म्हणतो आम्ही त्यांना. "काय व्हयनं रे गाडीले?" म्हणत त्यांनी बॉनेट उघडलं. त्यांचं म्हणणं, पी-०१७१ म्हणजे इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. का जास्त, ते कोड सांगत नाही. पंप कमजोर असेल, फिल्टर तुंबला असेल, इंजेक्टर चोंदले असतील, नाहीतर कुठून तरी चोरून हवा शिरत असेल. त्यांनी आपला स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम दाखवला, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. गाडी उभी असताना +२२, आरपीएम अडीच हजारावर नेला की +५. म्हणजे कॉम्प्युटर उभ्या गाडीत जवळजवळ पाव पट जास्त पेट्रोल ओतत होता. "पंप कमी पडत असता तर रेस दिल्यावर आकडा चढला असता. इथे उतरतोय. हवाच गळतेय." चोरून येणारी हवा तेवढीच राहते, रेस दिली की तिचा वाटा कमी होतो, असं ते समजावत होते.

इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या मागे करंगळीएवढा रबरी पाइप होता. वाकवला तर आतून फाटलेला. नवा ९० रुपयांचा. बसवला तसा ट्रिम +३ वर आला.

मग आबांनी टॉर्च माझ्या हातात दिला. "रेलचे बोल्ट बघ." रेल म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी. बोल्टांच्या डोक्यांवर वर्षानुवर्षांची तेलकट धूळ जशीच्या तशी, पान्याचा ओरखडाही नाही. बोल्ट काढल्याशिवाय रेल सुटत नाही आणि रेल सुटल्याशिवाय इंजेक्टर निघत नाहीत. बदलायचं सोडा, हातसुद्धा लावलेला नव्हता!

दोन दिवसांनी पाळधीला जाऊन जुने इंजेक्टर मागितले. "भंगारवाला कालच घेऊन गेला, भाऊ." पक्कं बिल मागितलं तर मालक बाहेरगावी. माझ्याकडे उरली ती वहीच्या पानावरची चिठ्ठी, तिच्यावर ना शिक्का ना जीएसटी नंबर. त्या दिवशी ते इंजेक्टर बदलतो म्हणाले तेव्हाच मी शेजारी उभं राहायला हवं होतं. मी समोरच्या टपरीवर उसाचा रस पीत बसलो होतो.