स्लाव्हाज स्नोशो: मुलांना नक्की न्या, फक्त शेजारी बसून समजावून सांगू नका

स्लाव्हा पोलुनिन या रशियन क्लाउनचा हा शो १९९३ पासून देशोदेशी फिरतोय, लंडनचा ऑलिव्हिए हा नाट्यपुरस्कारही मिळालाय (१९९८), त्यामुळे अपेक्षा खूप होती आणि ती पूर्ण झाली हे आधीच सांगून टाकते. फार म्हणजे फारच आवडला.

गोष्ट अशी काही नाहीये. ढगळ पिवळा झगा, लाल नाक, पायात लाल केसाळ बूट असा एक विदूषक, आणि लांब हिरवे कोट घातलेली एक टोळी, त्यांच्या टोप्यांचे कान दोन्ही बाजूंना हातभर पसरलेले. एकामागून एक प्रवेश येत राहतात. संवाद नाहीत, पण आवाज भरपूर आहेत, एका प्रवेशात तर पिवळा दोन मोठ्ठाले फोन घेऊन दोन्हीकडून स्वतःच बोलतो, भाषा कुठलीच नाही, नुसते सूर, तरी कोण रुसलंय आणि कोण मनवतंय ते बरोब्बर समजतं.

पहिल्याच प्रवेशात तो गळ्यात दोर अडकवून येतो. मोठ्यांना लगेच कळतं हे काय चाललंय आणि पोटात कालवतं. मग तो दोर ओढत राहतो, ओढत राहतो, आणि दुसऱ्या टोकाला अजून एक विदूषक निघतो, त्याच्याही गळ्यात दोर. आमचे चिरंजीव खो खो हसत होते कारण त्याच्यासाठी ती रस्सीखेच होती, मी हसत होते पण डोळ्यांत पाणी होतं. दोघांनी एकच गोष्ट बघितली आणि दोघांचंही बरोबर होतं. शब्द असते तर दोघांपैकी एकाला तरी बाजूला पडावं लागलं असतं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच म्हणते, "अरे तो आता असं करतोय" असं कानात सांगत बसू नका, माझ्या मागच्या रांगेत एक आई पूर्ण पहिला भाग हेच करत होती आणि ती पोरगी स्टेजऐवजी आईकडेच बघत होती.

आता कोटाचा प्रवेश. यासाठी तरी जाच. स्टेशनवर आलाय, बॅग आहे, निरोप द्यायला कोणी नाही. स्टँडला एक कोट आणि हॅट लटकवतो, ब्रशने कोट साफ करायला लागतो, आणि ते करता करता स्वतःचा एक हात त्या कोटाच्या बाहीत घालतो. आपल्यासमोर घालतो हं, लपवाछपवी काही नाही. आणि पुढच्या क्षणाला तो हात त्याचा राहतच नाही! तो हात हळूच त्याच्या पाठीवरून फिरतो, हा दचकतो, जवळ घेतो, मिठी मारतो. मी मुद्दाम लक्ष देऊन बघितलं की हे जमतं कसं, तर हाताची लय वेगळी आणि बाकी शरीराची वेगळी, हात आधी हलतो आणि डोळे जरा उशिरा तिकडे जातात, त्या अर्ध्या सेकंदात सगळी जादू आहे. जाता जाता कोट याच्या खिशात चिठ्ठी सरकवतो. ती नंतर सापडते, फाडली जाते, आणि त्या कपट्यांचा बर्फ होतो आणि त्या बर्फाचं वादळ.

वादळाबद्दल मात्र सावध करते. प्रचंड वारा, डोळ्यांवर येणारा झगझगीत लाइट, कोरसचा दणदणीत आवाज, आणि कागदी बर्फ अख्ख्या हॉलभर. अगदी लहान मुलं घाबरतात, आमच्या रांगेतलं एक बाळ रडून रडून बाहेर न्यावं लागलं, त्यामुळे शाळेत जाणारं मूल असेल तरच न्या. आणि हो, शो संथ आहे. पिवळा काही केलं की थांबतो, आपल्याकडे बघतो, आपण हसेपर्यंत हलत नाही. मोबाइल बाहेर काढलात तर नेमकं तेच निसटेल. मला स्वतःला हिरव्या टोळीच्या धिंगाण्यापेक्षा हे थांबणंच जास्त आवडलं, मुलांचं मत अर्थात उलट असणार.

तिकीट काढताना बाल्कनी घेऊ नका, खालचंच घ्या. भलंमोठं पांढरं कोळ्याचं जाळं प्रेक्षकांच्या डोक्यावरून हातोहात मागे जातं, इंटरव्हलमध्ये हिरवे विदूषक खुर्च्यांवर चढून लोकांच्या अंगावर पाणी उडवतात, वर बसलं तर हे सगळं लांबूनच बघावं लागतं. पिवळी भूमिका दर वेळी स्लाव्हाच करतो असं नाही, दुसरे क्लाउनही करतात, त्याच्यासाठीच जाणार असाल तर आधी विचारून घ्या. आणि परतीची गाडी जरा उशिराची सांगा, कारण शेवटी मोठमोठे रंगीत बॉल प्रेक्षकांत सोडतात आणि मग मुलं सोडाच, आजोबा लोकंसुद्धा हलायला तयार नसतात.