सगळं पब्लिक_एचटीएमएलमध्येच टाकायचं की कोड बाहेर ठेवायचा?

साइट नवीन होस्टिंगवर चढवायची म्हटलं की पहिला प्रश्न हाच, फाइली नक्की टाकायच्या कुठे. सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं वेब पॅनेल) असेल तर पब्लिक_एचटीएमएल फोल्डर, म्हणजे जगाला दिसणाऱ्या फाइलींची जागा, आयतंच असतं, झिप अपलोड करायची, तिथेच एक्स्ट्रॅक्ट करायची आणि मोकळं व्हायचं. मीपण बरीच वर्षं तेच केलं.

नुसती एचटीएमएल-सीएसएसची साइट असेल किंवा वर्डप्रेस असेल तर हेच करा, उगाच डोकं लावू नका. वर्डप्रेस रूटमध्ये, म्हणजे सर्व्हर ज्या फोल्डरमधून साइट दाखवतो त्यात, राहायलाच बनलंय, शिवाय डब्ल्यूपी-कॉन्फिगची (त्याच्या सेटिंगची) फाइल एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये ठेवली तरी ते तिला आपलं आपण शोधून घेतं.

लॅरावेल, सिम्फनी असलं पीएचपी फ्रेमवर्क असेल तर मात्र गोष्ट वेगळी. यांच्यात पब्लिक नावाचं छोटं फोल्डर असतं आणि जगाने बघायचं ते तेवढंच, बाकी सगळा घरातला पसारा. तो पसारा रूटमध्ये ठेवला तर काय होतं? एका मित्राने त्याची साइट बघायला सांगितली, मी पत्त्यापुढे स्लॅश डॉट ईएनव्ही (अॅपच्या गुप्त सेटिंगची फाइल) टाइप केलं आणि डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड, मेलचा पासवर्ड, सगळं पांढऱ्या पानावर ओळीने हजर. पीएचपीची फाइल सर्व्हर चालवून दाखवतो, डॉट ईएनव्ही त्याच्या लेखी साधी टेक्स्ट फाइल, मागितली की दिली. डॉट गिट फोल्डर (कोडमधल्या प्रत्येक बदलाची, म्हणजे कमिटची, नोंद) राहिलं असेल तर अजून वाईट, त्यातून अख्खा सोर्स कोड निघतो, जुन्या कमिटमध्ये चुकून गेलेल्या पासवर्डसकट.

यावर लोक म्हणतात एचटीअॅक्सेसमध्ये (फोल्डरमध्ये ठेवायची सर्व्हरची सेटिंग फाइल) बंदी टाकू की. अपाचे वेब सर्व्हरवर चालेल, पण उद्या साइट एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरवर हलवली की तो एचटीअॅक्सेस वाचतच नाही, आणि तुमचं कुलूप गेलंय हे तुम्हाला कोणी सांगत नाही. त्यापेक्षा कोड बाहेर, रूट थेट पब्लिक फोल्डरवर. अपाचेत डॉक्युमेंटरूट, एनजिनएक्समध्ये रूट, एका ओळीचं काम.

शेअर्ड होस्टिंगवर इथेच अडतं, कारण सीपॅनेलमध्ये मुख्य डोमेनचा डॉक्युमेंट रूट आपल्याला बदलता येत नाही. सबडोमेन किंवा अॅडऑन डोमेनला फोल्डर निवडता येतं, त्यामुळे जमत असेल तर अॅप तिकडेच टाका. नाहीतर बाकी कोड बाहेर ठेवून फक्त पब्लिकमधलं सगळं पब्लिक_एचटीएमएलमध्ये आणून इंडेक्स डॉट पीएचपीमधले पाथ हाताने बदलायचे, हे जुगाड आहे पण चालतं.

व्हीपीएस (आपल्या ताब्यातला व्हर्च्युअल सर्व्हर) घेतलं असेल तर दुसरा वाद, साइट व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू फोल्डरमध्ये ठेवायची की युजरच्या होम फोल्डरमध्ये? मी व्हारच्या बाजूने. होममध्ये स्वतःच्या युजरने फाइली टाकणं सोपं वाटतं खरं, पण उबंटू 21.04 पासून नव्या युजरचं होम फोल्डर 750 परमिशनचं बनतं, बाहेरच्या युजरला आत शिरताच येत नाही, म्हणजे वेब सर्व्हरला दारातूनच परत जावं लागतं. मला यात 403 फॉरबिडन (परवानगी नाही) हा एरर येत होता आणि मी दोन तास साइटच्याच फोल्डरची परमिशन उलटसुलट करत बसलो, शेवटी वैतागून 777 (सगळ्यांना सगळी मुभा) पण दिलं, तरी ढिम्म. मग नेमआय कमांडला डॅश एल लावून पूर्ण पाथ दिला तेव्हा प्रत्येक पायरीची परमिशन एकाखाली एक दिसली आणि चोर वरच्याच पायरीवर सापडला. फोल्डरला 755, फाइलला 644 एवढं पुरतं हो, 777 देऊ नका, दिलं असेल तर आत्ता काढा. रेड हॅटच्या जातीतलं लिनक्स असेल तर एसईलिनक्स ही वेगळी सुरक्षा यंत्रणाही मध्ये येतं, ते परमिशन बरोबर असूनही अडवतं, तिथे तर होमच्या नादी लागूच नका.

वारंवार डिप्लॉय करत (नवा कोड सर्व्हरवर चढवत) असाल तरच तिसरा प्रकार बघा: प्रत्येक रिलीजचं वेगळं फोल्डर, करंट नावाची सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारा शॉर्टकट) ताज्या रिलीजवर आणि रूट करंटच्या आतल्या पब्लिकवर. काही बिघडलं की लिंक मागच्या फोल्डरकडे वळवायची, झालं. महिन्यातून एकदा मजकूर बदलणाऱ्या साइटला याची गरज नाही. एनजिनएक्स आणि पीएचपी-एफपीएम (त्याच्या मागे पीएचपी चालवणारी सेवा) असेल तर सेटिंगमधल्या स्क्रिप्ट फाइलनेममध्ये डॉक्युमेंट रूटऐवजी रिअलपाथ रूट (लिंकमागचा खरा पाथ) द्या, नाहीतर ओपकॅशमुळे (पीएचपीचा कोड साठवून ठेवणारा कॅश) लिंक बदलूनही जुनाच कोड चालू राहतो आणि तुम्ही बिचाऱ्या ब्राउझरचा कॅश साफ करत बसता.