डिस्कॉर्ड डॉट पायचं कमांड फ्रेमवर्क: आठ महिने वापरल्यावर

डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवरच्या आमच्या अभ्यासगटाच्या सर्व्हरवरचा बॉट (मेसेजमधून दिलेल्या कमांड पाळणारा प्रोग्रॅम) आधी एकाच फंक्शनवर चालायचा. मेसेज उद्गारचिन्हाने सुरू होतोय का बघायचं, स्पेसवर तुकडे करायचे आणि मग इफ, एल्स-इफची रांग. सात-आठ कमांडपर्यंत निभावलं. मग एकाने '!आठवण २०' (वीस मिनिटांनी आठवण कर) लिहिलं आणि मजकूर द्यायचा राहिला. यादीत तिसरा तुकडाच नाही, एरर माझ्या टर्मिनलवर, आणि तो बिचारा उत्तराची वाट बघत बसलेला. त्याच आठवड्यात सगळं डिस्कॉर्ड डॉट पाय या पायथॉन लायब्ररीच्या कमांड एक्स्टेन्शनवर, म्हणजे कमांड ओळखून चालवणाऱ्या तिच्या तयार फ्रेमवर्कवर, हलवलं.

पहिल्या दिवसापासून आवडलं ते आर्ग्युमेंटचं, म्हणजे कमांडपुढे दिलेल्या माहितीचं, काम. फंक्शनमध्ये 'मिनिटं' पुढे इंट (पूर्णांक) लिहिलं की आकडा तपासून हातात येतो. 'मजकूर'च्या आधी सुटी तारका (*,) टाकली की उरलेलं सगळं वाक्य एकत्र मिळतं, अवतरणचिन्हं घालायला लावावी लागत नाहीत. मेंबर लिहिलं की मेन्शन (@ लावलेलं नाव), आयडी, नाव, काहीही दिलं तरी माणूस सापडतो. आणि देवनागरी आकडे! पायथॉनचं इंट '२०' सरळ वीस म्हणून घेतं, त्यासाठी मी एक ओळही लिहिलेली नाही. फंक्शनचं आणि आर्ग्युमेंटचं नाव देवनागरीत चालतं, स्लॅश कमांडलाही ('/' ने सुरू होणाऱ्या, डिस्कॉर्डकडे नोंदवलेल्या कमांड). तिथे नावाला ३२ चिन्हांची मर्यादा आहे आणि काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी एक चिन्ह धरली जाते, एवढं लक्षात ठेवा.

आता जिथे अडकलो ते. नव्या सभासदांच्या पहिल्या मेसेजला उत्तर द्यायला ऑन-मेसेज इव्हेंट (मेसेज आला की चालणारं फंक्शन) लिहिला आणि सगळ्या कमांड बंद पडल्या. एरर नाही, काही नाही. दोन तास टोकन (बॉटची गुप्त किल्ली) आणि परवानग्या तपासत होतो. कारण साधं होतं: कमांड ओळखण्याचं काम लायब्ररीच्या मूळ ऑन-मेसेजमधूनच होतं, आणि मी तोच बदलला होता. आपल्या ऑन-मेसेजच्या शेवटी प्रोसेस-कमांड्स अवेट करून (ते पूर्ण होईपर्यंत थांबून) बोलवा, किंवा सरळ लिसनर (मूळ इव्हेंट न बदलता सोबत चालणारं फंक्शन) वापरा. मी आता लिसनरच वापरतो.

मेसेज कंटेंट इंटेंटचंही (मेसेजमधला मजकूर बॉटला मिळण्याची सोय) तसंच. १ सप्टेंबर २०२२ पासून तो प्रिव्हिलेज्ड आहे, म्हणजे डेव्हलपर पोर्टलवर आणि कोडमध्ये, दोन्हीकडे चालू करावा लागतो. फक्त कोडमध्ये केला तर बॉट सुरूच होत नाही, ते बरं. फक्त पोर्टलवर केला तर बॉट ऑनलाइन दिसतो आणि प्रीफिक्स ('!' लावलेल्या) कमांडना ढिम्म हलत नाही. लॉगमध्ये इशारा येतो, पण तो बघायला हवा.

कॉगमध्ये (कमांडच्या गटांमध्ये) कोड वाटून घेणं सोपं आहे आणि बॉट बंद न करता एक भाग रीलोड करता येतो. फक्त जुने व्हिडिओ बघून शिकू नका. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून लोड-एक्स्टेन्शनला (असा भाग लोड करणारं फंक्शन) अवेट लागतं आणि ते सेटअप-हूकमध्ये (सुरुवातीला एकदाच चालणारं फंक्शन) करायचं असतं.

चौथ्या महिन्यात हायब्रिड कमांडवर गेलो: एकच फंक्शन, प्रीफिक्सनेही चालतं आणि स्लॅशनेही. नोट्समध्ये शोधायची आमची कमांड पाच-सहा सेकंद घ्यायची. प्रीफिक्सने ठीक, स्लॅशने मात्र दरवेळी फेल, कारण तिथे ३ सेकंदांत पहिला प्रतिसाद लागतो. सुरुवातीला डिफर ('थांबा, उत्तर येतंय' असं कळवणारं फंक्शन) बोलवलं की उत्तराला १५ मिनिटं मिळतात. सिंक (स्लॅश कमांड डिस्कॉर्डकडे नोंदवणं) ऑन-रेडीमध्ये (बॉट तयार झाला की चालणारा इव्हेंट) ठेवू नका. कनेक्शन तुटून जुळलं की ऑन-रेडी पुन्हा चालू शकतो. मी सिंकची वेगळी कमांड केली, ती फक्त मालकाला चालते.

सगळ्यात जास्त मनस्ताप मात्र माझ्याच एरर हँडलरने दिला. ऑन-कमांड-एररमध्ये (कमांडमध्ये एरर आली की चालणारा इव्हेंट) मी राहिलेलं आर्ग्युमेंट आणि कूलडाउन (कमांड पुन्हा वापरण्याआधी थांबायचा वेळ) एवढेच दोन प्रकार हाताळले होते. आपण हा इव्हेंट लिहिला की लायब्ररी स्वतःहून एरर छापणं थांबवते, म्हणून बाकीच्या सगळ्या एरर गडप. एका कमांडमध्ये व्हेरिएबलचं नाव चुकलं होतं, ते तीन आठवडे कळलं नाही. लोक एकदा करून बघायचे आणि सोडून द्यायचे, सांगायचं कुणीच नाही. आता शेवटची एल्स उरलेलं सगळं लॉग करते, आणि कमांड-इन्व्होक-एरर (कमांडच्या कोडमधल्या एररवर लायब्ररीने चढवलेलं वेष्टन) असेल तर त्याच्या आतली मूळ एरर काढून. नवीन बॉट करणाऱ्याला मी म्हणेन, पहिली कमांड लिहायच्या आधी हे लिहा.

त्याच हँडलरमध्ये आर्ग्युमेंट राहिलं तर कमांडची सिग्नेचर (कोणती आर्ग्युमेंट कोणत्या क्रमाने द्यायची ते) दाखवतो. आर्ग्युमेंटची नावं मराठी असल्याने उत्तरही मराठीत जातं: 'मजकूर राहिला. असं लिहा: !आठवण <मिनिटं> <मजकूर>'. परवा लॉग चाळताना दिसलं, रात्री कुणीतरी '!आठवण २०' एवढंच लिहिलं होतं. बॉटने ही ओळ पाठवली, त्याने पुढच्याच मेसेजमध्ये मजकुरासकट लिहिलं आणि वीस मिनिटांनी त्याला आठवण गेली. मी तेव्हा ऑनलाइनसुद्धा नव्हतो.