२० लिटरचा सोलो (ग्रिल नसलेला, साधा) मायक्रोवेव्ह: हुमण, म्हणजे गोव्याची माशाची कडी, गरम करायला चालेल का?

चालेल, आणि किरणांची भीती बाळगायचं कारण नाही. २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी अन्नातलं पाणी तापवतात. अन्न किरणोत्सारी होत नाही आणि दार उघडताच लहरी बंद पडतात.

खरी खोट असमान तापण्यात आहे. वाटीभर हुमण ८०० वॅटवर दोन मिनिटं ठेवलं की कडेला रटरटतं, मधली बांगड्याची तुकडी मात्र कोमटच. म्हणून मिनिटभराने थांबवून ढवळा, तुकडी उलटा, झाकण किंचित तिरपं ठेवा आणि शेवटी दोन मिनिटं तसंच राहू द्या. मधोमध ७४ अंश सेल्सिअस यायला हवेत. दुपारभर ओट्यावर राहिलेला बांगडा मात्र टाकूनच द्या. त्यात तयार झालेलं हिस्टामिन हे विषबाधा करणारं रसायन कितीही तापवलं तरी जात नाही.

पार्सलच्या पातळ प्लास्टिक डब्यात कडी तापवू नका. खोबऱ्याचं तेल पाण्यापेक्षा जास्त तापतं, डबा मऊ पडतो. काचेचं भांडं घ्या.

गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत या मशीनचा वैरी गंज. आतला रंग उडाला, पत्रा उघडा पडला की ठिणग्या उडतात. उजव्या भिंतीवरच्या अभ्रकाच्या पातळ पट्टीवर तेल साचून जळलं तरी तेच. पट्टी स्वस्त असते, मापाने कापून बदलता येते. दार सैल झालं किंवा बिजागरी वाकली, तर वापर थांबवा.

तळलेल्या माशाचा कुरकुरीतपणा यात परत येत नाही, त्याला तवाच हवा.