डेपोच्या खोलीत 12 मिमीचा कॅरम: कूलरपासून लांब ठेवला तर पैसे वसूल

रावेर-सावद्याची केळी परदेशी जायची तर 13 अंशांच्या आसपास थंड ठेवलेल्या कंटेनरमधून न्हावाशेवा बंदर गाठते. गाडीचा नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर, क्लीनर, हमाल आणि शिपिंग कंपनीचा क्लार्क कंटेनर डेपोच्या एकाच खोलीत ताटकळतात. मोबाइल सोडून चौघं एकत्र बसतील अशी तिथली एकच वस्तू, कॅरम. जहाजावरच्या खलाशांसाठी 2006 च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारात बैठ्या खेळांची शिफारस तरी आहे (हलत्या जहाजावर सोंगटी जागेवर राहील तर ना!). डेपोतल्या माणसांसाठी काय घ्यायचं हे मॅनेजरच ठरवतो आणि बहुतेक वेळा घरगुती, पातळ प्लायचा बोर्ड आणून मोकळा होतो.

तो घेऊ नका. दिवसभर हात बदलत राहणाऱ्या खोलीत पातळ प्लाय मधोमध बसतो आणि सगळ्या सोंगट्या राणीच्या घराकडे घरंगळतात. स्पर्धेच्या नियमांत प्लाय किमान 8 मिमी, खेळायची जागा 74 सेंटिमीटर चौरस आणि फ्रेम साडेसहा ते साडेसात सेंटिमीटरच्या घरात रुंद लागते. डेपोसाठी 12 मिमी योग्य. त्याहून जाड बोर्ड दिसायला रुबाबदार असतो, पण उचलून ठेवायला दोघं दमतात, मग तो पावसाळाभर ओलीलाही तिथेच पडून राहतो.

दुकानात तीन गोष्टी तपासा. दोन्ही कर्णांवर दोरा ताणून धरा. दोऱ्याखाली फट दिसली तर पृष्ठभागाला बाक आहे. फ्रेम आणि प्लायच्या सांध्यावरून नख फिरवा, अडकलं तर तिथे सोंगटीही अडकेल. मग 15 ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण जोरात मारा: चांगल्या बोर्डावर तो साडेतीन फेऱ्या मारतो. दोन फेऱ्यांत थांबला तर फ्रेमचं लाकूड हलकं आहे किंवा पॉलिश कच्चं आहे. दुकानदार 'वापरून वापरून गुळगुळीत होईल' म्हणेल. पॉलिश होईलही, लाकूड नाही.

उन्हाळ्यात खान्देशात पारा 45 च्या आसपास जातो, म्हणून लोक बोर्ड वाकल्याचा दोष उन्हाला देतात. खरा घात करतो तो वाळ्याचा कूलर. त्याची ओलसर हवा प्लायच्या एकाच अंगाला लागते. ते अंग फुगतं, दुसरं कोरडं राहतं आणि चार महिन्यांत पाणसळ ठेवली तर बुडबुडा एका कोपऱ्याला पळतो. पावडरही ओल धरून गोळे करते, स्ट्रायकर मध्येच खिळतो. बोर्ड कूलरच्या झोताबाहेर ठेवा, पंखाही थेट डोक्यावर नको, सगळी पावडर जमिनीवर जाते. खेळून झालं की भिंतीला तिरका टेकवू नका, कालांतराने कमान येते. सपाट ठेवा नाहीतर खुंटीला सरळ टांगा. उजेडासाठी मधोमध छत्रीवाला दिवा लावा, खिडकीच्या उजेडात एका बाजूला सावली पडते आणि भांडणं होतात.

पावडर बारीक बोरिकच घ्या, अर्धा चमचा पुरतो. टॅल्कम पावडरने एक थर जमतो आणि संध्याकाळपर्यंत बोर्ड चिकट. त्याहून वाईट म्हणजे शेवभाजीच्या तर्रीचे हात! दारात साबण ठेवा, नुसती पाटी लावून कोणी ऐकत नाही. बोर्ड सुक्या मऊ कापडाने पुसा, ओल्याने कधीच नाही.

बोर्डासोबत येणाऱ्या सोंगट्या बहुतेक वेळा कमी-जास्त वजनाच्या निघतात. नियम 5 ते 5.5 ग्रॅम आणि 3.02 ते 3.18 सेंटिमीटर व्यासाचा आहे. जळगावात सोनाराच्या काट्याची कमतरता नाही, एकदा वजन करून घ्या. स्ट्रायकर 4.13 सेंटिमीटरपेक्षा मोठा नको, पॉकेट 4.45 चं असल्याने जरा मोठा झाला तरी तो तोंडाशीच अडतो. जड स्ट्रायकर आणणारा एक बहाद्दर प्रत्येक डेपोत असतोच. त्याच्यामुळे सोंगट्यांच्या कडा फुटतात, म्हणून खोलीतला स्ट्रायकर एकच असू द्या.

ऑफिस विरुद्ध हमाल, ड्रायव्हर विरुद्ध गेट अशी स्पर्धा भरवायची तर 25 गुण किंवा 8 बोर्डांचा (इथे बोर्ड म्हणजे एक डाव) पूर्ण गेम धरू नका. दुसऱ्याच बोर्डाला गाडीचा नंबर पुकारला जातो आणि भाऊ स्ट्रायकर टाकून निघतात. 4 बोर्ड, जास्त गुण तो जिंकला, एवढं ठरवा. राणीचे 3 गुण आपले एकूण गुण 21 असेपर्यंतच मिळतात, 22 झाले की नाही, हा नियम मात्र आधीच भिंतीवर लिहून ठेवा. पॉकेटच्या जाळ्या पहिल्या फाटतात, जादा चार बोर्डासोबतच मागून घ्या.