लेट्यूसच्या बायबॅकमध्ये माझे ४२ हजार गेले, तुमचे जाऊ नयेत

लिहू की नको करत दोन महिने गेले, कारण फसलो हे सांगायचीच लाज वाटते आणि घरात "तुझा तो पाला" म्हणून टोमणे अजून चालू आहेत. पण परवा आमच्याच बिल्डिंगमधल्या काकूंनी मला तोच मेसेज फॉरवर्ड केला, "घरच्या घरी हायड्रोपोनिक लेट्यूस, माल आम्हीच घेणार" (म्हणजे मातीशिवाय, खताच्या पाण्यात सॅलडचा पाला वाढवायचा आणि तो त्यांनीच परत विकत घ्यायचा, हेच ते बायबॅक), म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकते.

मी डोंबिवलीची. नोकरी सुटली होती, बाल्कनी बंद करून घेतलेली, तिथे काहीतरी करावं असं डोक्यात होतं. कल्याणला एका हॉलमध्ये ट्रेनिंग होतं, फी १,५०० रुपये, चहा-समोसा धरून. तिथे एक जण बोलायला असा गोड की प्रत्येकीला ताई-ताई, आणि मधेच ताज्या लेट्यूसच्या पानांची ताटली फिरवली. मग बोर्डवर हिशेब: ४८ होलचा सेट, एका होलला पाव किलो, म्हणजे १२ किलो, किलोला ५०० रुपये, झाले महिन्याचे ६ हजार, सहा-सात महिन्यांत पैसे वसूल. शेजारच्या बाईकडे बघितलं तर ती पण मोबाईलवर तोच गुणाकार करत होती. पाव किलोचा गड्डा घरातल्या लाइटखाली दर महिन्याला येतो का, हे ना तिने विचारलं ना मी. (इमू झाले, कडकनाथ कोंबड्या झाल्या, "पाळा, आम्ही विकत घेतो" म्हणून लोक कसे बुडाले, सगळं पेपरात वाचलेलं होतं हो. पण तेव्हा वाटतं ते वेगळं, हे वेगळं.)

किट ३३,००० चं. पाइप, पंप, जाळीचे छोटे कप, कोकोपीट, चार जांभळे लाइट, पाच प्रकारचं "इम्पोर्टेड" बी, खताच्या ए आणि बी अशा दोन बाटल्या. वर आणखी ७,५०० चा आरओ, कारण "ताई, नळाचं पाणी लेट्यूसला चालतच नाही". किटमध्येच टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) होता, नंतर नळाखाली धरला तर ७० च्या आसपास. एवढ्या हलक्या पाण्याला आरओ कशाला लागतो? पण तोपर्यंत भिंतीला ड्रिल मारून झालं होतं.

एप्रिलमध्ये बी टाकलं आणि काहीच उगवलं नाही. फोन केला तर म्हणाला पॅकेट दमट झालं असेल, नवीन घ्या, ६०० रुपये. दिले! लेट्यूस हे थंडीचं पीक, तिशीच्या वर तापमान गेलं की बी उगवायचं नावच घेत नाही, आणि डोंबिवलीचा एप्रिल तुम्हाला माहितीये. माझी भाची दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेली, तिने सांगितलं, मावशी, ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेव, मग खोलीतल्या गार कोपऱ्यात. तसं केल्यावर जुन्याच पॅकेटमधलं बी उगवलं. पाच पॅकेट, पाच नावं, उगवली सगळी सारखीच हिरवी.

रोपं आली पण लांबडी, लुळी, मान टाकलेली, आणि पानं पिवळट. भाची सुट्टीत आली तेव्हा तिने त्या दोन बाटल्या बघितल्या आणि काचेच्या ग्लासात दोन्हीतलं दोन-दोन चमचे, पाणी न घालता, एकत्र ओतलं. आम्ही दोघी बघत बसलो. काहीच झालं नाही. ती म्हणाली, हे दूध फाटल्यासारखं पांढरं व्हायला हवं होतं, कारण एका बाटलीत कॅल्शियम नायट्रेट असतं आणि दुसरीत सल्फेट-फॉस्फेट, दाट असताना एकत्र आले की साका बसतो, म्हणून तर दोन बाटल्या वेगळ्या असतात. ग्लास तसाच स्वच्छ. तिचा अंदाज की दोन्हीत साधं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं बाजारातलं खत) विरघळवून वेगवेगळा रंग टाकलाय. त्यात कॅल्शियम नसतं, आणि नत्र बरंचसं युरियाचं, जो टीडीएस मीटरला दिसतच नाही, म्हणजे मी आकडा ८०० करायला बाटल्या ओततेय आणि रोपांना भलतंच पाजतेय. लाइटवर ४० वॅट छापलेलं, प्लगला मीटर लावला तर ११.

बावन्न दिवसांनी ४८ मधली १९ रोपं शिल्लक, सगळं कापून १ किलो १०० ग्रॅम. तरी फोन केला, माल तयार आहे म्हणून. तेव्हा अ‍ॅग्रीमेंटचं दुसरं पान कळलं. ५०० च्या स्टॅम्प पेपरवर, बारीक अक्षरात: गड्डा किमान २०० ग्रॅम, एका वेळी किमान १० किलो, आणि लॅब रिपोर्ट आपल्या खर्चाने. म्हणजे त्यांना कधी माल घ्यावाच लागणार नाही. त्यांचा धंदा लेट्यूसचा नव्हताच, किटचा होता. मी नंतर एकेक वस्तू धरून दुकानात आणि ऑनलाइन भाव काढले, आरओ सोडून सगळा सेट ११-१२ हजारांच्या वर जात नव्हता.

पैसे मी यूपीआयने एका माणसाच्या नावावर दिले होते, जीएसटी बिल नाही, आणि पावतीवर लिहिलंय काय तर "प्रशिक्षण व सहयोग". चौकीत म्हणाले हे व्यवहाराचं भांडण आहे. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, नोटीस पाठवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार टाकलीये, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. नोटिशीला त्यांचं उत्तर आलं की तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहकच नाही. त्यामुळे तुम्ही कोणी तक्रार करणार असाल तर स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून करत होते, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा, त्याला कायद्यात सूट आहे.

लेट्यूसचा काही दोष नाही हं. आता मी आइस्क्रीमच्या पाच लिटरच्या डब्यांत लावते, झाकणाला होल, डब्याला बाहेरून काळा कागद, वर साधी पांढरी एलईडी ट्यूब १४ तास. पंप नाही, काही नाही. पाणी खाली जाईल तशी वरची मुळं हवेत राहतात, पुन्हा काठोकाठ भरायचं नाही. क्रॅटकी पद्धत म्हणतात, हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकींच्या नावाने. चांगलं ए-बी खत, टीडीएस ६०० च्या आसपास, पीएच ५.५ ते ६.५. थंडीत एका डब्यातून सव्वाशे-दीडशे ग्रॅम निघतं, सासूबाई त्यात दाण्याचं कूट घालून कोशिंबीर करतात.

काकूंच्या त्या मेसेजमधला नंबर माझ्याकडे आधीच सेव्ह होता. त्याच्या स्टेटसला आता "बंद खोलीत केशर, ट्रेनिंग १,९९९" आहे. जाणारच असाल तर मागच्या महिन्यात कोणाकडून किती किलो माल घेतला त्याची बिलं मागा, आणि अ‍ॅग्रीमेंट एक रात्र घरी आणून वाचा. मी मागितलं होतं, ते म्हणाले आजच्या आज बुक केलं तर ३ हजार कमी.