जागतिक बँकेचं डेटा संकेतस्थळ: आलेख सगळेच बघतात, ‘डीटेल्स’ कोण वाचतं?

मी महाविद्यालयात स्थूल अर्थशास्त्र शिकवते. उपभोग खर्चाचा धडा आला की फळ्यावर नुसतं सूत्र लिहून भागत नाही, मुलांना खऱ्या देशाची खरी रेषा दाखवावी लागते. त्यासाठी मी सर्वांत जास्त विसंबते ती जागतिक बँकेच्या खुल्या डेटावर, आणि हे परीक्षण त्याचंच. सेवा फुकट आहे, नोंदणी लागत नाही, मध्येच जाहिरात उगवत नाही. आज हे सगळं गृहीत धरलं जातं, पण २०१० च्या एप्रिलपर्यंत या साठ्याचा मोठा भाग वर्गणीदारांपुरताच होता. बाकीच्यांनी ग्रंथालयातला जाडजूड खंड काढायचा आणि आकडे वहीत उतरवून घ्यायचे. त्या उतरवण्यात होणाऱ्या चुका धरल्या तर आताची पिढी खरंच सुखी आहे.

यात जागतिक विकास निर्देशक नावाचा मुख्य संच आहे. दोनशेहून जास्त देश आणि प्रदेश, आणि मालिका १९६० पासून. प्रत्येक देशाची सुरुवात तिथूनच होते असं नाही, काहींच्या रेषा नव्वदच्या दशकात उगवतात. मला लागणाऱ्या मालिका मोजक्या: कुटुंबांचा अंतिम उपभोग खर्च, सरकारचा अंतिम उपभोग खर्च आणि दोन्हींची बेरीज, तिन्ही जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या, टक्क्यांत. देश निवडला की रेषा समोर येते. तिथेच स्तंभ किंवा नकाशा मागता येतो, दुसरा देश शेजारी ठेवता येतो.

पहिल्या नजरेत जे दिसतं ते चांगलंच बोलकं आहे. अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंबांचा उपभोग जीडीपीच्या ६० टक्क्यांच्या आसपास होता, आता तो ६७-६८ च्या घरात आहे. चीनची रेषा उलट्या दिशेने घसरते: ऐंशीच्या दशकात निम्म्याच्या आसपास, २०१० च्या सुमारास ३५ च्याही थोडी खाली, आणि तिथून हळूहळू वर येत ४० च्या उंबरठ्याशी. एवढ्या मोठ्या अर्थव्यवस्थेत कुटुंबांच्या वाट्याला इतका कमी उपभोग हे जगात फार क्वचित दिसतं. जपानमध्ये बघण्यासारखी रेषा कुटुंबांची नाही, सरकारची. १९९० च्या सुमारास १३-१४ टक्के होती ती आता २० च्या वर गेली. म्हातारा होत चाललेला देश, आणि २००० साली सुरू झालेला दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा, या दोन गोष्टी त्या चढात स्वच्छ दिसतात.

गोंधळ सुरू होतो तो यानंतर. वर्गात अमेरिकेची सरकारी रेषा दाखवली की कुणीतरी हमखास विचारतं, “मॅडम, ही तर खाली चाललीय. सरकार लहान होतंय का?” सत्तरच्या सुरुवातीला १८ च्या आसपास आणि आता १४ च्या. रेषा खोटी नाही, पण प्रश्न चुकीच्या रेषेला विचारलाय. या मालिकेत सरकारने विकत घेतलेल्या वस्तू-सेवा आणि कर्मचाऱ्यांचे पगार येतात, संरक्षणावरचा बराचसा खर्च येतो. निवृत्तिवेतन, बेकारभत्ता, कर्जावरचं व्याज यात येत नाही. निवृत्तिवेतनाचे पैसे सरकारच्या तिजोरीतून निघतात, पण त्यातून म्हातारा माणूस काय विकत घेतो ते कुटुंबांच्या रकान्यात पडतं. नवा पूल बांधला तर तो भांडवलनिर्मितीत, म्हणजे गुंतवणुकीच्या रकान्यात. म्हणजे अंदाजपत्रक फुगत असताना सरकारी उपभोगाची रेषा निवांत खाली येऊ शकते. उत्पन्न वाढतं तशी सरकारी खर्चाची मागणी वाढते, हा अ‍ॅडॉल्फ वॅग्नर या जर्मन अर्थतज्ज्ञाचा एकोणिसाव्या शतकातला सिद्धांत या एका मालिकेवर तपासायला घेतलात तर हाती भलतंच काही लागेल.

ही सगळी व्याख्या संकेतस्थळावर आहे. आलेखाला लागून ‘डीटेल्स’ असं एक बटण आहे. तिथे मालिकेची व्याख्या, मर्यादा, स्रोत सगळं बारीक अक्षरात सांगितलंय. माझ्या मते या सेवेतली सर्वांत मौल्यवान जागा तीच. दुर्दैवाने ती अशी ठेवलीय की ज्याला ठाऊक आहे तोच तिथे जातो.

आरोग्याचं उदाहरण मी दरवर्षी घेते, कारण यावरून बातम्यांमध्ये किती चुकीचे निष्कर्ष निघतात याला सुमार नाही. अमेरिकेत मेडिकेअर आणि मेडिकेड या १९६५ साली आलेल्या सरकारी योजना आहेत. एका वृद्धाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि बिल मेडिकेअरने भरलं, तर राष्ट्रीय लेख्यांत, म्हणजे देशाच्या उत्पन्न-खर्चाच्या अधिकृत हिशेबात, ते असं बसतं: सरकारने त्या माणसाला लाभ दिला आणि त्याने सेवा विकत घेतली. खर्च कुटुंबाचा. तीच शस्त्रक्रिया ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या रुग्णालयात झाली तर खर्च सरकारचा. दोन्हीकडे रुग्ण पलंगावर आडवा आहे, दोन्हीकडे पैसा मुख्यतः करातून आलाय, फरक फक्त रकान्याचा. आता शेजारी ठेवून बघा: अमेरिकेची कुटुंबं ६७-६८, ब्रिटनची त्याहून काही टक्के कमी. अमेरिकेचं सरकार १४ च्या आसपास, ब्रिटनचं २० च्या. यावरून ‘अमेरिकी माणूस उधळ्या, ब्रिटिश काटकसरी’ असं लिहिणारे महाभाग आहेत. तिसरी मालिका, म्हणजे दोघांची बेरीज, काढा. दोन्ही देश ऐंशीच्या किंचित वर जवळजवळ येऊन बसतात. शिवाय अमेरिकी कुटुंबांच्या खर्चात आरोग्यसेवांचा वाटा १९६० साली साधारण एक-विसांश होता, तो आता एक-षष्ठांशाच्या आसपास आहे. ती साठ वर्षांची चढण काही निव्वळ बाजारहाटाची नाही.

घरभाड्याचंही असंच. स्वतःच्या घरात राहणारा माणूस स्वतःलाच भाडं देतो असं मानून ती रक्कम कुटुंबांच्या उपभोगात धरली जाते. अमेरिकेत हा आरोपित भाड्याचा भाग एकूण कुटुंब उपभोगाचा साधारण दहावा हिस्सा आहे. एक पैसाही हलत नाही. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग वाद घालतात. घालू देत. हे भाडं धरलं नाही तर भाडेकरूंचा देश घरमालकांच्या देशापेक्षा श्रीमंत दिसायला लागेल.

सरकारच्या रकान्यात मी स्वतःही आहे. माझ्या शिकवण्याला बाजारभाव नाही, म्हणून ते पगाराच्या मोलाने मोजलं जातं. तेवढ्याच मुलांना तेवढेच तास शिकवून माझा पगार वाढला की चालू किमतींतला, म्हणजे त्या-त्या वर्षीच्या भावांनी मोजलेला, सरकारी उपभोग वाढतो. अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमॉल यांनी साठच्या दशकात मांडलेली गोष्ट हीच: जिथे माणसाचा वेळ हेच उत्पादन आहे तिथे उत्पादकता फारशी वाढत नाही, पण पगार बाकीच्या अर्थव्यवस्थेबरोबर वाढवावेच लागतात. शिक्षण, शुश्रूषा, पोलीस, न्यायालयं सगळी याच माळेतली. ब्रिटनमध्ये २००५ साली अर्थतज्ज्ञ टोनी अ‍ॅटकिन्सन यांच्या अहवालाने पगाराऐवजी प्रत्यक्ष सेवा कशी मोजावी याचा रस्ता आखून दिला. पण सगळे देश त्या रस्त्याने गेलेले नाहीत, त्यामुळे स्थिर किमतींतली, म्हणजे महागाई वगळून मोजलेली, सरकारी मालिका दोन देशांत लावून बघताना हात आखडताच ठेवावा.

आता ज्या वाक्यासाठी मी मुलांना ‘डीटेल्स’ उघडायला लावते ते. कुटुंबांच्या उपभोगाच्या व्याख्येच्या शेवटी म्हटलंय की उत्पादनाच्या बाजूने आणि वापराच्या बाजूने केलेल्या मोजणीत जी सांख्यिकीय तफावत उरते तीही यातच धरली आहे. मर्यादांमध्ये पुढे आणखी स्पष्ट आहे: अनेक देशांत हा आकडा थेट मोजलेला नसतो, जीडीपीतून बाकीचे सगळे खर्च वजा करून उरेल तो असतो. थोडक्यात, शेती, कारखाने, आयात-निर्यात, गुंतवणूक यांच्या मोजणीतल्या चुका शेवटी कुटुंबांच्या माथी येतात. हिशेब जुळेना म्हणून ‘किरकोळ’ खात्यात टाकलेली रक्कम असते, तसलाच हा प्रकार, फक्त हे खातं बऱ्याचदा जीडीपीच्या निम्म्याहून मोठं. घरोघरी जाऊन केलेल्या खर्च सर्वेक्षणांचे आकडे याच्याशी जुळत नाहीत, आणि काही देशांत ही दरी वर्षागणिक रुंदावत गेली. अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी यावर बरंच लिहिलंय. एका वर्षात टक्का-दीड टक्क्याची उडी दिसली म्हणून लोकांनी हात सैल सोडला असं मी तरी म्हणत नाही. वीस-तीस वर्षांचा कल मात्र एवढ्याने पुसला जात नाही, आणि हे संकेतस्थळ त्याच कामाचं आहे.

टक्केवारीच्या छेदाकडे, म्हणजे ज्याने भागतो त्या जीडीपीकडेही लक्ष हवं. आयर्लंडची रेषा बघा. कुटुंबांचा वाटा घसरत ३० च्या खाली गेलाय. तिथले लोक अचानक उपाशी राहायला लागले नाहीत. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक मालमत्ता तिथे आणून ठेवली आणि जीडीपी फुगला. २०१५ साली तर वाढीचा दर २६ टक्के जाहीर झाला होता. शेवटी तिथल्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाला देशातल्या देशात घडणारं वेगळं काढून दाखवणारं नवं मोजमाप आणावं लागलं. उलट टोकाला लेसोथो, दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेला छोटा देश. ऐंशीच्या दशकात तिथे एकट्या कुटुंबांचा उपभोगच जीडीपीच्या शंभर टक्क्यांच्या वर होता. शंभराच्या वर टक्के बघून मुलं आधी छापण्याची चूक शोधतात. चूक नाही. पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत कमवत होते, ती कमाई देशाच्या जीडीपीत येत नव्हती, पण तिच्यावर घरं चालत होती आणि माल बाहेरून येत होता.

फाइल उतरवून घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. सीएसव्ही, एक्सएमएल, एक्सेल, जे हवं ते मिळतं. सीएसव्हीच्या गाठोड्यात तीन फाइली असतात: एक आकड्यांची, एक देशांच्या माहितीची, एक निर्देशकाच्या व्याख्येची. आकड्यांच्या फाइलीत पहिल्या काही ओळी स्रोत आणि अद्ययावत केल्याची तारीख सांगण्यात जातात, रकान्यांची नावं त्याखाली. आणि देशांच्या यादीत युरो क्षेत्र, अरब जग, उच्च उत्पन्न गट असले समूहही वर्णानुक्रमाने देशांच्या मांडीला मांडी लावून बसलेले असतात. ते न गाळता सरासरी काढली तर तेच देश पुन्हापुन्हा मोजले जातात. देशांच्या माहितीच्या फाइलीत समूहांपुढे ‘रीजन’चा रकाना रिकामा असतो, त्यावर गाळणी लावली की काम झालं.

कोणती मालिका कशासाठी, हे एकदा ठरवून घ्यावं. वाटा बघायचा तर टक्केवारी. माणसांचं राहणीमान किती उंचावलं हे बघायचं तर दरडोई, स्थिर किमतींतली. २०२० सालच्या महामारीत हे फार छान दिसतं: अनेक देशांत सरकारच्या वाट्याची रेषा टुणकन वर जाते, पण त्या उडीचा काही भाग जीडीपीच कोसळल्याचा आहे, सरकारने तेवढं जास्त विकत घेतल्याचा नाही.

तिमाही आकडे हवे असतील तर इथे येऊ नका. अमेरिकेपुरतं बघायचं तर सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचं फ्रेड हे संकेतस्थळ उत्तम, १९४७ पासूनच्या तिमाही मालिका तिथे आहेत. श्रीमंत देशांसाठी ओईसीडी, म्हणजे मुख्यतः त्याच देशांच्या संघटनेचं संकेतस्थळ. १९५० पर्यंत मागे जायचं असेल तर नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातला पेन वर्ल्ड टेबल्स हा आकड्यांचा संच. पण सगळं जग एका व्याख्येच्या छत्रीखाली, तेही बिनबोभाट, असं दुसरं सहज सापडत नाही. माझ्याकडून पाचपैकी चार तारे.

पाचवा तारा राखला त्याचं कारण ती गुडघ्याची शस्त्रक्रिया. सरकारने माणसामाणसासाठी केलेला खर्च, म्हणजे शाळा आणि दवाखाने, कुटुंबांच्या बाजूला टाकून मोजलेला ‘प्रत्यक्ष वैयक्तिक उपभोग’ ही कल्पना राष्ट्रीय लेख्यांच्या १९९३ च्या जागतिक पद्धतीपासून रुळलेली आहे. देशांची तुलना करायची तर आकडा हाच हवा. तो जागतिक बँकेकडेच आहे, पण देशोदेशीच्या किमतींची तुलना करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमाच्या वेगळ्या संचात, आणि या मालिकांइतका मागे जात नाही. २०२१ सालच्या फेरीचे निकाल २०२४ च्या मे महिन्यात आले, १७६ अर्थव्यवस्थांचे. तो दुवा कुटुंबांच्या उपभोगाच्या आलेखाखालीच ठळक दिला, तर वर्गातला माझा निम्मा तास वाचेल.